चांगुणाआत्याच्या हातचं न्हाणं

आमच्या गावातल्या चाळिशीच्या आतल्या कुठल्याही माणसाचं नाक बघा. ते चांगुणाआत्यानं ओढून सरळ केलेलं आहे. माझं जरा जास्तच ओढलं, असं माझी आई म्हणते. "ही पोरगी नाक वर करून चालनार, मग आत्ताच करून ठिवते," असं म्हणे आत्या तेव्हा म्हणाली होती. आईनं हे नंतर रचलं असेल. कारण मी जन्मले तेव्हा आमच्या घरात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, आणि मुलगी पुढं काय करणार याचा विचार करायला कुणाला वेळही नव्हता. पण मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, आता वडगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. घरातली पहिली. हे मी विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. यात माझ्या अभ्यासाचा वाटा किती आणि आत्याच्या तेलाचा किती, यावर मात्र आमच्या दोघींचं कधी एकमत झालं नाही.

चांगुणाआत्या आमच्या नात्यातली नव्हे. आमच्या घराच्या मागच्या आळीला तिचं घर. नवरा तरुणपणीच गेला, एकुलती लेक मुळशीत दिली, आणि आत्या उरली ती साऱ्या गावाची आत्या होऊन. काम एकच : बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं. मळवली स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जेवढी वस्ती, तेवढी तिची. कुठं बाळ जन्मलं की निरोप जायच्या आधी आत्या दारात. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायची, दोन्ही पाय लांब करायची आणि नडगीवर बाळ पालथं घालायची. मग तेल. मग डाळीचं पीठ आणि साय. बाळ किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं आणि आत्या त्याच्याशी गप्पा मारायची.

"रड, रड. आमदार व्हायचंय तुला, आवाज नगं का?"

बाळाची आई दाराआडून कासावीस व्हायची. "आत्या, हळू हो."

"तू गप. तुला बी असंच रगडलंय म्या. मेलीस का?"

अंघोळ झाली की धुरी. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, शेपा, वेखंड. बाळाला त्या धुरावरून ओवाळायची, दुपट्यात करकचून बांधायची, कपाळाला तीट लावायची आणि आईच्या हातात द्यायची. बाळ तोवर झोपलेलं असायचं. "न्हालेलं पोर आन नांगरलेलं रान, दोनी गपगार निजत्यात," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते म्हणता म्हणताच ती उंबऱ्याबाहेर पडलेली असायची. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, निरोप चालता चालता. कुणी "बसा की आत्या" म्हटलं तर म्हणायची, "बसून काय अंडी उबवू?"

असं तिचं वर्षानुवर्षं चाललं. आणि मग बाळं कमी झाली.

एका दिवसात नाही झाली. मी भूगोल शिकवते, मला कळायला हवं होतं, पण मलाही कळलं ते दुकानाच्या फळीवरून. मळवलीच्या मेडिकलवाल्याकडं समोरच्या फळीवर पूर्वी बाळाची पावडर, ग्राइपवॉटर, दुधाच्या बाटल्या असायच्या. त्या हळूहळू कोपऱ्यात गेल्या आणि पुढं मोठ्या माणसांचे डायपर आले, चालायची काठी आली, साखर मोजायच्या पट्ट्या आल्या. शाळेची दुसरी खोली कुलूपबंद झाली, तिच्यात ग्रामपंचायतीच्या खुर्च्या ठेवल्या. पूर्वी घरटी चारपाच पोरं असायची, आता एक, फार तर दोन. आणि तीही जन्मायची तळेगावात नाहीतर चिंचवडला, तिथनंच फ्लॅटवर जायची. आईबाप चाकणला कंपनीत, सासू सांभाळायला गेलेली. गावात आली तरी न्हाण्याला प्लॅस्टिकचा टब आणि बाटलीतलं तेल घेऊनच.

माझी मुलगी झाली तेव्हा मात्र मी आत्यालाच बोलावलं. फक्त धुरी नको म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर बाळाच्या छातीला वाईट.

"डाक्टरला न्हाऊ घातलं त्याच्या आजीनं, तवा धुरी दिली व्हती का न्हवती?"

"असेल. पण माझ्या मुलीला नको."

"बी.ए. केलंस म्हनून?"

"एम.ए.," मी म्हणाले.

आत्या तणतणत घमेलं उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली ती बिनघमेल्याची. धुरीच्या बाबतीत डॉक्टर बरोबर होते, मी आजही तेच म्हणते. पण माझी मुलगी आत्याच्या नडगीवर जितकी शांत झोपली तितकी पुन्हा कुठं झोपली नाही, हेही म्हणते. माझ्या मुलीनंतर आमच्या आळीत आत्याच्या पायावर बाळ पडलं नाही.

त्या काळात आत्या बघवत नव्हती. हात नुसते चुळबुळत असायचे. दुसऱ्याच्या पोराचं डोकं दिसलं की तेल चोळायला धावायची. कुणाचंही लग्न असो, मांडवात नव्या नवरीला गाठून विचारायची, "काय गं, काय खबर?" लग्नाला आठवडा झालेला नसायचा. माझ्या भावाच्या बायकोला तिनं भर पंक्तीत विचारलं.

वहिनी पिंपरीची, बोलायला खमकी. म्हणाली, "आत्या, आमचं अजून प्लॅनिंग चाललंय."

"प्लॅनिंग घराचं करत्यात. पोराचं कसलं?"

"घराचंच आधी करतोय. एक खोली आहे, तिच्यात तुमच्या न्हाणीचं घमेलं पण मावणार नाही."

पंगत हसली. आत्याही हसली, पण जेवली नाही. पानावरून उठली आणि मांडवाच्या मागं जाऊन वाढप्यांना शिव्या देऊ लागली.

एकदा ती माझ्याकडं आली तेव्हा मी उद्याच्या तासाची तयारी करत होते. पुस्तकात लोकसंख्येचा मनोरा होता : खाली रुंद, वर निमुळता. आत्यानं वाकून बघितलं.

"भाताची उडवी काढलीस व्हय?"

मी सांगितलं, खालचा थर लहान पोरांचा, मधला कामाच्या माणसांचा, वरचा म्हाताऱ्यांचा. "मग आपल्या गावाची काड," म्हणाली. मी वहीत काढली. खालचा थर बारीक. मधला तर जवळजवळ खोडला, कारण तो सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो तो अंधार पडल्यावर येतो, किंवा येतच नाही. वरचा थर रुंद. आत्या त्याकडं बघत राहिली. मग माझ्या हातातली पेन्सिल तिनं जवळजवळ हिसकावली.

"पूस ते. असलं काडून ठिवू ने."

*

वरच्या थराचं काम तिच्याकडं आपोआप चालत आलं. मळवलीला जे बंगले आहेत ते पूर्वी शनिवार-रविवारचे होते. मुंबईहून गाडी भरून पोरं यायची, तलावात डुंबायची, सोमवारी बंगला रिकामा. आता ती पोरं अमेरिकेत नाहीतर बंगळुरूत आणि त्यांचे आईबाप कायमचे बंगल्यात राहायला आलेले. हवा चांगली म्हणून. तशाच एका बंगल्यात मुंबईच्या कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला. राखणदाराची बायको आत्याकडं आली. म्हणाली, "बाईंना कुनी धड न्हाऊ घालीना. नुसतं ओल्या फडक्यानं पुसत्यात. तुमी येता का?"

आत्या गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

चकचकीत न्हाणीघर, आणि आत्या सवयीनं फरशीवर बसली, लुगडं खोचलं, पाय लांब केले. बाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणलेलं. आत्या खालून त्यांच्याकडं बघतेय आणि त्या वरून आत्याकडं बघतायत.

"मंग माज्या ध्यानात आलं. म्हनलं, ही कशी मावायची माज्या पायावं?"

उठली, प्लॅस्टिकची खुर्ची मागवली. पाणी कोपरानं बघितलं, बाळाचं बघतात तसं. तेल चोळायला लागली आणि तोंडही आपोआप सुरू झालं. "अगं माजी बाय ती, अगं माजी सोनुली ती, हात सोड, सोड की गं बाळे."

बाईंचं अर्धं तोंड वाकडं झालेलं, पण मुख्याध्यापिकाच त्या. म्हणाल्या, "मला बाळ म्हणायचं नाही."

"मंग काय म्हनू?"

"बाई म्हण."

"बरं. बाई गं माजी, हात सोड बाळे."

त्या दिवसापासून आत्या त्यांना बाळबाई म्हणायची. बाईंनीही नाद सोडला. पण त्यांच्या लुळ्या हातात फरक पडला, असं आत्या छाती ठोकून सांगायची. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की बाई तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला न्हाणीघरात येऊ देत नसत. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीनं कुसगावच्या एका मोठ्या वृद्धनिवासात आत्याचं नाव सांगितलं. तिथल्या मॅनेजर मॅडमनी आत्याला बोलावून विचारलं, "मावशी, तुमचा अनुभव किती?"

"समद्या गावाची नाकं बगा," आत्या म्हणाली.

मॅडमना काही कळलं नाही, पण कामावर घेतलं. रविवार सोडून रोज सकाळी त्यांची व्हॅन गावात येऊ लागली. आधी आत्या एकटी जायची. नंतर तिनं आमच्याच आळीची वनिता नेली, मग आणखी बाया. सकाळी देवळापुढं व्हॅन उभी राहिली की गावातल्या धडधाकट बाया टिफिन घेऊन तिच्यात चढायच्या, आणि आत्या पुढच्या सीटवरून ओरडायची, "चला गं, म्हातारी वाळत पडलीत तितं."

पहिल्याच आठवड्यात तिनं तिथं काय केलं, तर धुरी. एका आजींनी सहज म्हटलं की बाळंतपणातल्या धुरीचा वास अजून आठवतो. झालं. दुसऱ्या दिवशी आत्या पदराखाली घमेलं घेऊन हजर. स्वयंपाकघरातून निखारे मिळवले, खोलीचं दार लावून घेतलं, ओवा-वेखंड टाकलं. धूर वर गेला आणि छतावरची घंटा कोकलायला लागली. पाठोपाठ साऱ्या इमारतीतल्या घंटा. आग लागली म्हणून वॉचमन धावले, नर्सा धावल्या, साऱ्या म्हाताऱ्या माणसांना हिरवळीवर आणून बसवलं. काही टॉवेलात, एक आजोबा अर्धी दाढी केलेले. आणि शेवटी धुरातून आत्या बाहेर आली, आजींना धरून. "आग न्हाई, आग न्हाई, शेपा हाय," असं ओरडत.

मॅडमनी तिला काढायचंच ठरवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत तीनचार आज्या ऑफिसात जाऊन आल्या. त्यांनाही धुरी हवी होती. शेवटी ठरलं, शनिवारी सकाळी, बाहेर हिरवळीवर, खुर्च्या लांब लांब टाकून, आणि ज्याला दमा आहे त्यानं फिरकायचं नाही.

"एम.ए.ला सांग," आत्यानं वनिताकडून मला निरोप पाठवला, "हितं धुरी चालू झाली."

*

आता सखूआजीचं सांगायला हवं, कारण आत्याचा जीव जिथं अडकला होता ती जागा तीच.

सखूआजी आत्याची थोरली जाऊ. दोघींची घरं एका भिंतीची. आत्याच्या न्हाणीचं पाणी सखूआजीच्या अंगणात जायचं, त्यावरून दोघी आयुष्यभर भांडल्या. बोलायच्या भिंतीला उद्देशून. "काही लोकांना लाज न्हाई," असं इकडून, आणि "काही लोकांना काम न्हाई," असं तिकडून. पण आत्याच्या एकुलत्या बाळंतपणात तिला न्हाऊ घातलं ते सखूआजीनं. आत्या म्हणायची, "हात शिकले म्या तिच्याकनंच. पर तिला सांगू नगंस, चडंल."

सखूआजी घरातच पडली. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, पण ती परत उभी राहिली नाही. मुलगा दिनकर चाकणला कंपनीत, राहायला तळेगावात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सून एका शाळेच्या ऑफिसात. दिनकर वाईट माणूस नव्हे, हे मी स्पष्ट लिहिते, कारण गावात त्याच्याबद्दल बरंच बोललं गेलं. त्यानं आईला नेलं होतं. महिनाभरात तीच परत आली. "तितं खाली उतरायचं म्हंजी मला गठुड्यागत उचलाया लागतंय," म्हणाली. गावात तिच्याजवळ दिवसभर कोण? शेजारी कुलूप. पलीकडं तिच्याहून म्हातारा माणूस. ज्या बाया मदतीला येण्यासारख्या, त्या सकाळी आत्याच्याच व्हॅनमध्ये.

आत्या रोज संध्याकाळी घरी आली की पिशवी टाकून आधी भिंतीपलीकडं. पाणी तापवायची, सखूआजीला खुर्चीवर घ्यायची.

सखूआजी करवादायची, "सांजच्याला कोन न्हातं गं? मढं?"

"गप. सकाळी मी नसती."

"सकाळी लोकांच्या आया धुतीस. मी वळचनीचं पानी."

हे आत्याला लागायचं. तिनंच मला सांगितलं, चालता चालता, तोंड दुसरीकडं करून. "संगे, परक्याच्या म्हाताऱ्या फुलावानी ठिवते मी. आन माजी जाऊ दिसभर ओल्यात पडून ऱ्हाती. ह्याला काय म्हनायचं?" माझी आईही घरात एकटीच असते दिवसभर, ते तिला माहीत होतं आणि मलाही.

मग एका रविवारी दिनकर आला आणि म्हणाला, दिवाळीनंतर आईला वृद्धनिवासात ठेवतो. तेच, कुसगावचं.

आत्या पेटली. "घर असताना? जाऊ असताना?"

"काकू, तुम्ही स्वतः तिथं काम करता. वाईट आहे का?"

"वाईट न्हाई. पर तितं ती कोन? खोली नंबर अमुक. हितं ती सखू हाय."

"इथं तिचं करणार कोण, ते सांगा."

"दिवाळीपातूर सांगते," आत्या म्हणाली.

आणि ती गावभर फिरायला लागली. भाताच्या आवणीच्या दिवसांत आमच्याकडं सावड असायची. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही, हाताला हात. आता बरीचशी खाचरं बंगल्याखाली गेली आणि उरलेल्यांत बाहेरचे मजूर येतात, सावड बंद पडली. आत्यानं ती उकरून काढली. पण भातासाठी नाही, न्हाण्यासाठी.

देवळापुढं एका रविवारी सकाळी तिनं माणसं गोळा केली. मीही गेले होते, मागं उभी.

"ज्याच्या घरात म्हातारं हाय त्यानं हात वर करा," आत्या म्हणाली.

जवळजवळ सगळ्यांचे हात वर.

"आन त्याला रोज न्हाऊ कोन घालतं?"

हात खाली. कुणी नखं बघू लागलं, कुणी चप्पल. खरी गोष्ट अशी होती की लाज आड येत होती. लेक आईला न्हाऊ घालायला लाजायचा, सून सासऱ्याला. म्हातारीही सुनेपुढं उघडी व्हायला तयार नसायची. आयुष्यभर जिच्यावर हुकूम केला तिच्यासमोर कशी होणार? म्हणून दोन्ही बाजूंनी "उद्या बघू".

"सावड करायची," आत्या म्हणाली. "रविवारी सकाळी आन गुरुवारी सांजच्याला. वनिताची सासू मी न्हाऊ घालीन, वनितानं दुसरीची घालायची. घरच्याची लाज वाटती ना? मग परक्याचं करा. लाज गेली आन काम बी झालं."

मागून भिकोबा आण्णांचा थोरला मुलगा म्हणाला, "बायांचं ठीक हाय आत्या. आमचा म्हातारा कोन घालनार न्हाऊ?"

"तू शेजारच्याचा घाल, शेजारचा तुजा घालंल."

"हॅ. ते काय जमायचं न्हाई गड्यांना."

"बैल धुतोस का न्हाई?"

"धुतो की."

"शिंगं घासतोस, शेपूट घासतोस. मोटारसायकल तर रोज धुतोस, तिचं ढुंगन सुदीक पुसतोस. आन बापाच्या पाठीला हात लावताना तुला काय हुतंय रं?"

सगळे हसले. भिकोबा आण्णांचा मुलगाही हसला, मान खाली घालून. पण पुढच्या रविवारी शेजारच्या म्हाताऱ्याच्या न्हाणीत तो होता. बाहेर रेडिओ मोठ्यानं लावलेला, आत दोघांचीही तोंडं बंद. नंतर म्हातारा अंगणात उन्हाला बसला, लालबुंद. कुणी विचारलं, कसं झालं? म्हणाला, "पोरगं बैलावानी धुतं. पर धुतं."

सावड चालली. नीट चालली असं नाही. एखादा रविवार चुके, कुणाचं लग्न निघे, कुणी रुसून बसे की आमच्या आईला तुम्ही कडक पाणी घातलं. आत्या दोन घरांमधून धावत असायची, कुणाला शिव्या, कुणाला तेल. सखूआजीची पाळी मात्र ती कुणाला देत नव्हती. ती तिनं स्वतःकडं ठेवली होती. रविवारी सकाळी, भरपूर उजेडात, मढं नव्हे तर माणूस न्हातं तसं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी.

दिवाळी झाली. दिनकर आला. आत्यानं आधीच आम्हा चारपाच जणांना बोलावून ठेवलं होतं, साक्षीला. सखूआजी न्हालेली, केस विंचरलेली, खुर्चीवर. आत्या उभी.

"बगितलंस का?" आत्या दिनकरला म्हणाली. "गाव करतंय. आता न्यायाचं कारन न्हाई."

दिनकर आईकडं बघत होता. "आई, तू सांग."

सखूआजीनं आत्याकडं बघितलं. आयुष्यभर भिंतीशी बोललेली ती बाई पहिल्यांदाच न करवादता तिच्याशी बोलली.

"चांगुणा, मला जाऊ दी."

"का गं?" आत्या खुर्चीजवळ सरकली. "काय कमी केलं?"

"कमी न्हाई केलं. पर न्हाणं घटकाभराचं आसतंय. बाकीचा दिस? हितं दिसभर कोन हाय? कुत्रं बी येत न्हाई. तितं बाया हायत, टीवी हाय. आन तू बी तितंच आसतीस की दिसभर."

आत्यानं साक्षीला जमवलेली माणसं हळूच बाहेर सटकली. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळून बघितलं. आत्या सखूआजीच्या पदराची एक चुणी सारखी करत होती, मग परत विस्कटत होती, परत सारखी करत होती.

गावात तिनं दुसऱ्या दिवशी वेगळंच सांगायला सुरुवात केली. "बरंच झालं. तितं म्याच न्हाऊ घालनार तिला. रोज, सकाळी. दिनकरचं काय चाललं मग?" सखूआजीला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि आत्या मागं बायांमध्ये बसली. ती तिची पुढची जागा तिनं पहिल्यांदाच कुणाला दिली होती.

पण तिथं गेल्यावर मॅडमनी नियम सांगितला. आपल्या माणसाचं काम आपल्याकडं नाही. आपल्या माणसाला जास्त वेळ दिला जातो, मग बाकीचे तक्रार करतात, आधी तसं झालेलं. सखूआजी तळमजल्यावर, आत्याला वरचा मजला. सखूआजीसाठी सुमित्रा नावाची मुलगी नेमली. झारखंडची. तिच्या गावात अजून घरटी चारपाच पोरं असतात, म्हणून तिकडचे हात इकडं येतात. मी वर्गात हे फळ्यावर बाण काढून शिकवते. आत्याला ते बाण मान्य नव्हते. "त्या पोरीला मराठी येत न्हाई. सखूला काय पायजे ते तिला काय कळनार?"

त्या हिवाळ्यात मी बारावीच्या मुलांना घेऊन त्याच निवासात क्षेत्रभेटीला गेले. लोकसंख्या हा धडा होता. मॅडम मुलांना हिरवळीवर माहिती देत होत्या : माणसं किती, काळजी कसली. मी आत पाण्यासाठी गेले. तळमजल्याच्या बोळात, एका न्हाणीघराच्या बंद दारापाशी चांगुणाआत्या उभी होती. कान दाराला लावलेला, खांद्यावर कोरडा टॉवेल.

"मानंच्या खाली!" ती दाराच्या फटीतून ओरडत होती. "मानंच्या खाली साबन ऱ्हातोय तिच्या! ए पोरी, नीचे, नीचे! डावा पाय हळू, त्यो मोडलेला हाय!"

आतून हसण्याचा आवाज आला. "हाँ बुआ, हो गया, हो गया."

आणि मग सखूआजीचा आवाज, पाण्यातून, खणखणीत :

"तू जा गं तुज्या कामाला! हिचा हात तुज्यापरीस मऊ हाय!"

आत्यानं दारावरचा कान काढला. मला बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता ही दार फोडते किंवा मला काहीतरी बोलते. पण तिनं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"ऐकलंस?" म्हणाली. "मऊ हाय म्हनं."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "चांगुणाबाई, कुठं आहात? चारमधले आजोबा वाट बघतायत!"

"आले, आले," आत्या म्हणाली, आणि परत दाराला कान लावून विचारलं, "सखू, पानी गार न्हाई ना गं?"